डोके एकाचे, धड दुसऱ्याचे : ड्राकोझोल्ट कसा वाचावा

पोकेमॉन या जपानी खेळमालिकेत आज एक हजाराहून अधिक काल्पनिक प्राणी आहेत. ते पकडायचे, वाढवायचे, एकमेकांशी झुंजवायचे आणि आपला संग्रह पूर्ण करायचा, हा या खेळांचा गाभा. त्यांतील काही प्राणी उघडच डायनासोरवरून सुचलेले आहेत. या पाठात आपण त्यांपैकी एकाकडे बारकाईने पाहणार आहोत. त्याचे नाव ड्राकोझोल्ट. तो १५ नोव्हेंबर २०१९ रोजी प्रकाशित झालेल्या ‘पोकेमॉन स्वोर्ड’ आणि ‘पोकेमॉन शील्ड’ या जोडखेळांत पहिल्यांदा आला.

तुम्ही हा खेळ खेळलेला असण्याची अट नाही. आपल्याकडे अनेकांची या प्राण्यांशी ओळख टीव्हीवरील मालिकेतून किंवा यूट्यूबवरून झालेली असते, आणि तेवढी पुरेशी आहे. अट एवढीच, की कथा-कविता जशी आपण शब्दाशब्दाने वाचतो तसा हा प्राणी वाचायचा. त्याला रूप आहे, नाव आहे, आकडे आहेत आणि त्याच्याविषयी लिहिलेला मजकूर आहे. हे सगळे कोणीतरी रचलेले आहे. रचलेल्या गोष्टीला दृष्टिकोन असतो, आणि दृष्टिकोन तपासता येतो.

प्राणी आणि त्याचा मजकूर

ड्राकोझोल्टच्या वरच्या अंगाला पिवळे, चोच असलेले, पक्ष्यासारखे लहानसे डोके आणि छाती आहे. खाली मात्र भलतेच काही सुरू होते : हिरवे, जाडजूड धड, खांबासारखे पाय आणि स्टेगोसॉरसची आठवण करून देणारी भारदस्त शेपटी. दोन्ही भागांचा रंग जुळत नाही, प्रमाण जुळत नाही, आणि जोड लपवण्याचा चित्रकाराने जराही प्रयत्न केलेला नाही. उंची १.८ मीटर, वजन १९० किलो.

तो जंगलात सापडत नाही. खेळाडूला वाटेत चार प्रकारचे जीवाश्म मिळतात : पक्ष्याचा, माशाचा, ड्रेकचा आणि डायनोचा. पहिल्या दोघांतून प्राण्याचा वरचा भाग तयार होतो, नंतरच्या दोघांतून खालचा. ‘रूट ६’ नावाच्या वाटेवर कॅरा लिस ही संशोधक भेटते. तिच्या हाती वरच्या भागाचा एक आणि खालच्या भागाचा एक असे दोन तुकडे द्यायचे, ती ते यंत्रात घालून जोडते आणि जिवंत प्राणी बाहेर येतो. पक्षी आणि ड्रेक जोडले की ड्राकोझोल्ट. पक्षी आणि डायनो जोडले की आर्क्टोझोल्ट. मासा आणि ड्रेक यांचा ड्राकोविश, मासा आणि डायनो यांचा आर्क्टोविश.

आता इथे थांबून एक प्रश्न विचारा. यांपैकी बरोबर जोडी कोणती?

कोणतीच नाही. पक्ष्याचे स्वतःचे धड खेळात कुठेही सापडत नाही, ड्रेकचे स्वतःचे डोकेही नाही. खेळाडूपुढे चार पर्याय आहेत आणि चारही चुकीचे आहेत. हा योगायोग नव्हे, ही रचना आहे. १९९६ सालच्या पहिल्या पोकेमॉन खेळांपासून जीवाश्मांतून प्राणी जिवंत करण्याची सोय होती. पण तेव्हा दगड दिला की अख्खा, सुबक, नीट जुळलेला प्राणी हाती येई. २०१९मध्ये या परंपरेत पहिल्यांदा जोड दिसू लागला.

या प्राण्याविषयी खेळात तीन आवाज बोलतात आणि ते एकमेकांशी सहमत नाहीत. पहिला आवाज दगडाच्या चिठ्ठीचा. जीवाश्म हाती आल्यावर त्याच्या वर्णनात एवढेच म्हटलेले असते की हा एका प्राचीन प्राण्याचा अवशेष आहे, तो आकाशात उडे किंवा जमिनीवर फिरे, आणि तो दिसायला कसा होता हे गूढ आहे. दुसरा आवाज कॅरा लिसचा. तिच्या मनात शंका नाही. जोडून मोकळी होते. तिचे इंग्रजी नाव भरभर उच्चारले तर ‘केअरलेस’, म्हणजे निष्काळजी, असे ऐकू येते. जपानी आवृत्तीत तिचे नाव उकात्सु आहे आणि त्या भाषेत त्या शब्दाचा अर्थही बेसावध असाच होतो. म्हणजे लेखकांनी थट्टा लपवलेली नाही.

तिसरा आवाज पोकेडेक्सचा. पोकेडेक्स म्हणजे खेळातील प्राणिकोश. कोणताही प्राणी मिळाला की त्याची अधिकृत नोंद त्यात उघडते, आणि खेळाडूंच्या लेखी ती नोंद म्हणजे शेवटचा शब्द. स्वोर्ड आणि शील्ड या दोन आवृत्त्यांत नोंदी वेगवेगळ्या असतात. ड्राकोझोल्टविषयी एक नोंद सांगते की दणकट खालच्या अंगामुळे तो प्राचीन काळी अजिंक्य होता, पण खाण्याच्या सगळ्या वनस्पती संपवून टाकल्यामुळे नामशेष झाला. दुसरी म्हणते की शेपटीच्या स्नायूंतून तो वीज निर्माण करतो, आणि खालच्या अंगाच्या मानाने त्याचे वरचे अंग फारच लहान आहे.

या दोन नोंदी पुन्हा वाचा. दगडाच्या चिठ्ठीला जे गूढ वाटत होते ते प्राणिकोशाला अचानक ठाऊक झाले आहे. मधल्या काळात नवा पुरावा काही आला का? नाही. मधल्या काळात फक्त एका निष्काळजी बाईने दोन दगड एकत्र चिकटवले.

विनोदाचा इंग्रजी पत्ता

हे खेळ ज्या गालार प्रदेशात घडतात तो ब्रिटनवर बेतलेला आहे. त्यामुळे या प्राण्यांवर लिहिणारे बहुतेकजण एका इंग्रजी प्रसंगाकडे बोट दाखवतात, आणि ते योग्यच आहे. ‘डायनासोर’ हा शब्द रिचर्ड ओवेन यांनी १८४२ साली घडवला. १८५४मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स यांनी ओवेन यांच्या सल्ल्याने डायनासोरचे भव्य पुतळे उभे केले. त्यांतला इग्वानोडॉन गेंड्यासारखा चार पायांवर उभा आहे आणि त्याच्या नाकावर शिंग आहे. पुढे १८७८ साली बेल्जियममध्ये बर्निसार येथील कोळशाच्या खाणीत इग्वानोडॉनचे जवळजवळ पूर्ण सांगाडे मिळाले, तेव्हा कळले की ते शिंग नाकावरचे नव्हेच, हाताच्या अंगठ्याचे टोकदार हाड आहे. पुतळे अजून त्या बागेत आहेत, शिंगासकट.

तेव्हा ड्राकोझोल्ट म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज पुराजीवशास्त्राची टिंगल, असे म्हणून बहुतेक लेख संपतात. आपल्याकडची ‘करायला गेलो गणपती, झाले माकड’ ही म्हण इथे चपखल बसते हे खरे. पण एवढ्यावर थांबलो तर आपण विनोद समजून घेतला, प्राणी नाही.

मिश्र देहाचे प्राणी आपल्याला नवे नाहीत हेही इथे आठवावे. महाराष्ट्रातल्या अनेक किल्ल्यांच्या प्रवेशद्वारांवर शरभ कोरलेला दिसतो. ओडिया महाभारतात सारळा दासांनी नऊ प्राण्यांच्या अवयवांचा नवगुंजर उभा केला. पण शरभ पाहून कोणी विचारत नाही की हा खातो काय आणि चालतो कसा. तो मुद्दाम जोडलेला आहे आणि जोडणाऱ्याने तसे कबूल केलेले आहे. देहाची ती मिसळच त्याचा अर्थ असते. ड्राकोझोल्टचे तसे नाही. तो ‘हा प्राणी असाच होता’ असा दावा घेऊन येतो. शरभ ही प्रतिमा आहे, ड्राकोझोल्ट हे विधान आहे. म्हणून त्याची परीक्षा विधानासारखी झाली पाहिजे.

जबलपूरचा ड्राकोझोल्ट

हा पाठ मी रायपूरजवळच्या बीरगांवात शिकवताना तयार केला. आमच्या पायाखाली डायनासोर नाहीत, आणि असण्याची शक्यताही नाही. इथला चुनखडक सुमारे शंभर कोटी वर्षे जुना आहे. तेव्हा उथळ समुद्रात सूक्ष्मजीवांचे थर साचत होते आणि हाडे असलेला एकही प्राणी पृथ्वीवर नव्हता. आज तोच दगड आसपासच्या सिमेंट कारखान्यांत जातो. पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रायपूर, नागपूर, चांदा आणि जबलपूर हे सगळे जिल्हे एकाच मध्य प्रांतात होते, आणि त्या प्रांताच्या जबलपुरात खरोखरचा ड्राकोझोल्ट जोडला गेला होता.

जबलपूरच्या छावणीलगत बडा शिमला नावाची टेकडी आहे. तिथल्या लमेटा थरांत डायनासोरची हाडे सापडतात. हे थर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या खाली आहेत, म्हणजे लाव्हा पसरण्याआधीचे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात चार्ल्स मॅटली यांनी तिथे उत्खनन केले. त्यांना कमरेची हाडे मिळाली, नडगीचे हाड मिळाले आणि कातडीत रुतलेली हाडाची तकटे मिळाली. सगळे आसपासच होते. मॅटली यांनी ते एकाच प्राण्याचे धरले : अंगावर चिलखत असलेला डायनासोर. १९२०च्या दशकात त्यांनी त्याला नाव दिले, लमेटासॉरस इंडिकस.

पुढे काय दिसले? कमर आणि नडगी दोन पायांवर चालणाऱ्या मांसाहारी डायनासोरची होती. तकटे मात्र लांब मानेच्या, चार पायांच्या, पाला खाणाऱ्या टायटॅनोसॉरांपैकी एकाची असावीत असे आज मानले जाते. म्हणजे शिकारी आणि शिकार एका नावाखाली एकत्र आले होते.

मॅटली यांना हसण्याआधी त्यांच्यापुढचा ढीग डोळ्यांसमोर आणा. बीरगांवच्या शेजारी उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहती आहेत. तिथल्या पोलाद कारखान्यांत भंगार येते. त्या ढिगातून तुम्हाला एक हँडल, एक पाठीमागचे चाक आणि एक पत्र्याचा डबा मिळाला, तर ती एकाच वाहनाची आहेत की तीन, हे कशावरून सांगाल? एकत्र सापडली एवढाच पुरावा असेल तर तुम्ही मालवाहू सायकल उभी कराल आणि ती दिसायला वाईटही नसेल. नदीच्या पुराने हाडे वाहून आणली की असाच ढीग होतो. शिवाय लांब मानेच्या डायनासोरच्या अंगावर हाडाची तकटे असू शकतात ही गोष्ट अर्जेंटिनातल्या सॉल्टासॉरसचे वर्णन १९८० साली प्रसिद्ध झाल्यावरच सर्वमान्य झाली. मॅटली यांच्या काळात तकटे दिसली की चिलखती डायनासोर, हे अनुमान वाजवी होते. चुकीचे, पण वाजवी.

त्याच टेकडीवरच्या इतर हाडांचे काय झाले हेही बोलके आहे. जर्मन पुराजीवशास्त्रज्ञ फ्रिडरिश फॉन ह्यूने आणि मॅटली यांनी १९३३ साली मध्य प्रांताच्या डायनासोरवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात सुट्या मणक्यांवरून, कवटीच्या तुकड्यांवरून अर्धा डझनाहून अधिक मांसाहारी डायनासोरांना नवी नावे मिळाली. जब्बलपुरिया, लेव्हिसुकस, इंडोसुकस, इंडोसॉरस अशी ती नावे. त्यांपैकी बरीच आज संशयास्पद मानली जातात, कारण एका मणक्यावरून अख्खी प्रजाती ओळखणे शक्य नसते. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही म्हण जणू या यादीसाठीच झाली होती. धड या शब्दाचे दोन्ही अर्थ इथे लागू पडतात.

दोष कोणाचा?

आता पुन्हा पोकेडेक्सकडे येऊ, कारण ड्राकोझोल्टचा खरा प्रश्न त्याच्या शरीरात नाही, त्याच्याविषयीच्या वाक्यांत आहे. चारही प्राण्यांच्या नोंदी शेजारी ठेवून वाचल्या की एक ठरावीक व्याकरण दिसते. ड्राकोझोल्टने वनस्पती संपवल्या म्हणून तो संपला. ड्राकोविशने आपल्या भक्ष्याची अतोनात शिकार केली म्हणून तो संपला. आर्क्टोझोल्ट फार हळू चाले म्हणून तो संपला. आर्क्टोविशला श्वास घेणे जड जाई म्हणून तो संपला.

आर्क्टोविशला श्वास घेणे का जड जाते? कारण माशाचे डोके उलटे, तोंड वर करून, दुसऱ्याच प्राण्याच्या धडावर बसवले आहे. ड्राकोविश ताशी साठ किलोमीटरहून जास्त वेगाने जमिनीवर धावू शकतो पण त्याला पाण्याबाहेर श्वास घेता येत नाही. का? तेच कारण. जोडणाऱ्याने केलेली चूक नोंदीत प्राण्याचा दोष म्हणून येते आणि लगेच तो दोष त्याच्या नाशाचे कारण ठरतो. कॅरा लिस वाक्यातून गायब होते. कर्ता बदलतो.

या अदलाबदलीसाठी खेळाकडे जाण्याची गरज नाही. ‘मुलगा गणितात कच्चा आहे’ हे वाक्य तुम्ही ऐकले असेल, कदाचित तुमच्याविषयीच. शिकवणाऱ्याने काय केले, पुस्तक कोणत्या भाषेत होते, वर्गात किती मुले होती, यातले काही त्या वाक्यात उरलेले नसते. उरतो तो मुलगा आणि त्याचा कच्चेपणा, जणू तो त्याच्या हाडांतच होता. वर्णनाच्या रूपात आलेला हा निवाडा ओळखणे हे समीक्षेचे एक काम आहे, मग मजकूर प्रगतिपुस्तकातला असो, जुन्या गॅझेटियरमधला असो की पोकेडेक्समधला.

नामशेष होण्याची ही नैतिक कथा विज्ञानाच्या अंगानेही लंगडी आहे. सर्व प्रकारच्या वनस्पती एकट्या प्राण्याने संपवल्या आणि मग तो उपाशी मेला, ही इसापाची गोष्ट झाली. अन्न घटू लागले की खाणाऱ्यांची संख्याही आधीच घटू लागते. आणि खरे डायनासोर आपल्या दोषामुळे संपले नाहीत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आजच्या मेक्सिकोजवळ लघुग्रह आदळला, त्याच सुमारास दख्खनमध्ये ज्वालामुखींचे उद्रेक चालू होते. दोहोंचा वाटा किती यावर वाद आहे, पण आरोपींच्या यादीत डायनासोरांचा आहार नाही.

आहाराबद्दल बोलायचेच तर ते कसे बोलावे याचे फार सुंदर उदाहरण चंद्रपूर जिल्ह्यात आहे. वरोरा तालुक्यातील पिजदुरा या गावी जीवाश्म झालेली विष्ठा मोठ्या प्रमाणात सापडते. नागपूरचे मिशनरी आणि भूशास्त्रज्ञ स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातच या गावचे जीवाश्म गोळा केले होते. २००५ साली वंदना प्रसाद, कॅरोलाइन स्ट्रोमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात तिथल्या विष्ठेचा अभ्यास प्रसिद्ध केला. वनस्पतींच्या पेशींत वाळूसारखे सूक्ष्म सिलिका-कण तयार होतात आणि प्रत्येक गटाच्या कणांचा आकार वेगळा असतो. पिजदुऱ्याच्या विष्ठेत त्यांना गवताचे कण मिळाले. तोपर्यंत डायनासोरांच्या काळात गवताच्या इतक्या विविध जाती होत्या असे कोणी मानत नव्हते. ही विष्ठा बहुधा टायटॅनोसॉरांची असावी असे त्या अभ्यासात म्हटले आहे. तो ‘बहुधा’ शब्द महत्त्वाचा. पोकेडेक्सला तो शब्द येत नाही.

उसवण्याची सोय

लमेटासॉरस आणि ड्राकोझोल्ट यांत मला सर्वांत मोठा फरक वाटतो तो इथे. लमेटासॉरस उसवता आला. मॅटली यांचा लेख येऊन फार वर्षे झाली नव्हती तोवर, १९३५ साली, डी. के. चक्रवर्ती यांनी एका अमेरिकी नियतकालिकात लेख लिहिला. लमेटासॉरस खरोखर चिलखती डायनासोर आहे का, हा प्रश्नच त्यांनी लेखाचे शीर्षक केला. तो विचारता आला, कारण कोणते हाड कुठे सापडले, कसे दिसते, याची नोंद निष्कर्षापासून वेगळी छापलेली होती. निष्कर्ष पडला तरी वर्णन उरले. पुराजीवशास्त्राची शिस्त चुका न करण्यात नाही, चूक उसवता येईल असा टाका घालण्यात आहे.

टायटॅनोसॉरसचे उदाहरण याच प्रकारचे. विल्यम स्लीमन यांना १८२८ साली जबलपुरात हाडे मिळाली. १८७७मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी शेपटीच्या मणक्यांच्या आधारे टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिले. पुढे जगभरचे अनेक डायनासोर याच नावाच्या पोत्यात कोंबले गेले. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावच्या टेकडीवर कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी काढलेला सांगाडाही त्यात होता. सोहन लाल जैन आणि शाश्वती बंदोपाध्याय यांनी १९९७ साली त्याला टायटॅनोसॉरस कोल्बर्टी म्हटले. २००३मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी दाखवून दिले की लिडेकर यांच्या मणक्यांत जे वैशिष्ट्य वाटले होते ते पुष्कळ प्राण्यांत आढळते, त्यावर एक प्रजाती उभी राहू शकत नाही. टायटॅनोसॉरस हे नाव संदिग्ध ठरले. डोंगरगावच्या प्राण्याला मात्र स्वतःचे नाव मिळाले, आयसिसॉरस, त्या संस्थेच्या आद्याक्षरांवरून. मूळ मणक्यांपैकी एक बरीच वर्षे हरवलेला होता. तो कोलकात्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात सापडला आणि २०१३ साली धनंजय मोहबे व सहकाऱ्यांनी ती हकीकत प्रसिद्ध केली. नाव गेले, मणका परत आला. या शास्त्रात मणका जास्त मोलाचा.

ड्राकोझोल्टच्या खेळात असे काही नाही. एकदा जोडलेले दगड सुटे होत नाहीत. आधीच्या खेळांतील बहुतेक जीवाश्म-प्राणी उत्क्रांत होत, त्यांची अंडीही मिळत. हे चार प्राणी उत्क्रांत होत नाहीत, त्यांना लिंग नाही, त्यांची अंडी नाहीत. ज्या कोणी हे ठरवले त्याला माहीत होते की या देहांना भूतकाळ नाही, म्हणून भविष्यही देता येणार नाही. यांत्रिक नियमांत लपवलेली ही कबुली मला खेळातली सर्वांत प्रामाणिक जागा वाटते. दुर्दैवाने ती शब्दांत कुठेच उतरत नाही. खेळाडू कॅरा लिसला प्रश्न विचारू शकत नाही, शंका नोंदवू शकत नाही, पोकेडेक्समध्ये दुरुस्ती करू शकत नाही. विनोद झाला की सगळे पुढे जातात, आणि अंगावर न जुळणारे डोके घेऊन उभा राहिलेला प्राणी तिथेच राहतो.

झुंजीत मात्र चित्र उलटते. ड्राकोझोल्टची ‘बोल्ट बीक’ ही चाल पहिल्यांदा मारता आली तर तिची ८५ ही ताकद दुप्पट होते. ड्राकोविशकडे तशीच पाण्याची चाल आहे आणि तो तर स्पर्धात्मक खेळाडूंचा लाडका झाला. टीव्हीवरच्या मालिकेत नायक ॲशच्या संघातही ड्राकोविश आला. म्हणजे कोश म्हणतो हा जगूच शकला नसता, आणि आकडे म्हणतात याच्यापुढे उभे राहणे कठीण. काही समीक्षकांना यात दुबळ्यांचा विजय दिसतो. मला तसे वाटत नाही. आकडे लिहिणारे आणि नोंदी लिहिणारे एकमेकांशी बोलले नाहीत, इतकाच त्याचा अर्थ असावा. पण त्या विसंगतीचा परिणाम चांगला झाला आहे. जो खेळाडू महिनाभर ड्राकोझोल्टला घेऊन जिंकतो त्याचा त्या नोंदीवरचा विश्वास थोडा तरी ढळतोच.

टायरॅंट्रमच्या शेजारी ठेवून

ड्राकोझोल्टचे मोल ठरवायचे तर त्याला २०१३च्या ‘पोकेमॉन एक्स’ आणि ‘वाय’ मधल्या टायरॅंट्रमशेजारी उभे करावे. टायरॅंट्रम सरळसरळ टायरॅनोसॉरस रेक्सवरून घेतलेला आहे : प्रचंड जबडा, मानेवर राजाच्या वस्त्रासारखी पांढरी झालर, उंची अडीच मीटर, वजन २७० किलो. त्याची नोंद सांगते की १० कोटी वर्षांपूर्वी त्याला रोखणारे कोणी नव्हते आणि तो राजासारखा वागे. आता टी. रेक्स जगला तो ६ कोटी ८० लाख ते ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी. काल्पनिक प्राण्याला खऱ्या तारखा लावू नयेत हे मान्य, पण १० कोटी ही गोल संख्या काय काम करते ते पाहा. ती ‘फार फार पूर्वी एक राजा होता’ या वाक्याचे काम करते.

राजेपणाचा हा मोह शास्त्रज्ञांनाही सुटलेला नाही. गुजरातेतल्या रहिओली येथील मांसाहारी डायनासोरला २००३ साली राजासॉरस नर्मदेन्सिस असे नाव दिले गेले. पण राजासॉरसच्या वर्णनात कोणते हाड मिळाले आणि कोणते नाही हे वाचायला मिळते. टायरॅंट्रमच्या देहात न मिळालेले हाड कुठेच नाही. तो इतका गुळगुळीत आहे की पाहणाऱ्याच्या मनात ‘हे तुम्हाला कसे कळले?’ हा प्रश्न उगवतच नाही. देखणा आहे, भारदस्त आहे. पण चित्र म्हणून तो जे सांगतो ते चित्रपटांनी आधीच शंभरदा सांगितलेले आहे.

ड्राकोझोल्ट पाहणारे लहान मूलसुद्धा विचारते की याचे डोके असे का. त्या प्रश्नाची जागा निर्माण करणे ही मोठी कामगिरी आहे, आणि संग्रहाच्या खेळात तर फारच, कारण इथे सगळा भर प्राणी मिळवण्यावर असतो, तो कसा माहीत झाला यावर नसतो. म्हणून दोहोंत मी ड्राकोझोल्टला वरचढ मानतो. त्याच्या निर्मात्यांनी प्रश्न उभा केला आणि पोकेडेक्सच्या दोन ओळींत तो गाडून टाकला, ही माझी तक्रारही त्याच कारणाने आहे. दगडावरची चिठ्ठी ज्याने लिहिली त्यालाच कोशाची नोंद लिहायला दिली असती तर हा प्राणी आणखी चांगला झाला असता.

स्वाध्याय म्हणून आर्क्टोविश घ्या. त्याच्या दोन नोंदींपैकी एक आपण वर पाहिली. दुसरीत म्हटले आहे की तो भोवताल गोठवून भक्ष्य पकडतो, पण तोंड डोक्याच्या वरच्या बाजूला असल्याने ते खाताना त्याची पंचाईत होते. या दोन्ही बाजूला ठेवून तिसरी नोंद तुम्ही लिहा. चार वाक्ये पुरेत. कर्ता लपवायचा नाही, आणि दगडात जे दिसते त्यापलीकडे जाताना ‘बहुधा’ किंवा ‘असावा’ वापरायचा. पहिले वाक्य मी देतो : ‘हे डोके आणि हे धड रूट ६वर कॅरा लिस यांनी जोडले, दोन्ही एकाच प्राण्याची असल्याचा पुरावा मिळालेला नाही.’